बियाण्याचा डोह

फाल्गुन सरत आला की गोदावरीचे रूप पालटू लागते. श्रावण-भाद्रपदात गढूळ पाण्याने दुथडी भरून धावणारी ही नदी आता अंग चोरून, संथपणे वाहू लागते. पात्राच्या मध्यभागी निवळ पाण्याची एक निळसर पट्टी उरते आणि तिच्या दोहो बाजूंस वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. काठावरचे पळस केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसतात. कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते. मराठवाड्यातील वसंत मोठा अल्पायुषी असतो. गुढीपाडवा उलटतो न उलटतो तोच उन्हाचा कडाका सुरू होतो. परंतु या थोड्या दिवसांत नदीच्या पाण्याखाली फार महत्त्वाच्या घडामोडी होत असतात. त्या घडामोडी ज्याला ओळखता येतात, तोच नदीवरचा खरा जाणता मच्छीमार होय.

गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. पैठण ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर ती जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा होऊन वाहू लागते. उत्तर तीरावर जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके, तर दक्षिण तीरावर बीड जिल्हा, अशी येथील रचना आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पण नदीकाठची गावे त्याहून कितीतरी जुनी आहेत. अंबड तालुक्यातील शहागड याच नदीच्या काठी वसले आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे घनसावंगी तालुक्यातच आहे. या काठावर शेतकऱ्यांच्या वस्तीशेजारी भोई, कोळी यांची घरेही पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे असते. या लोकांचे लक्ष आभाळाइतकेच पाण्याकडे असते.

पूर्वी नदीचे पाणी ऋतूप्रमाणे वाढे आणि ऋतूप्रमाणे ओसरे. आता तसे राहिलेले नाही. पैठणजवळ जायकवाडी येथे मोठे धरण बांधण्यात आले. त्याची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या धरणाला सत्तावीस दरवाजे आहेत. त्याच्या विशाल जलाशयाला ‘नाथसागर’ असे नाव आहे. धरणाचा डावा कालवा जालना जिल्ह्यातील शेतांना पाणी देतो. धरणाच्या खाली नदीच्या पात्रात ठिकठिकाणी बंधारेही घातलेले आहेत. पावसाळ्यात या बंधाऱ्यांचे दरवाजे उघडे ठेवतात आणि पाऊस संपता संपता ते बंद करून पाणी अडवितात. त्यामुळे आजची गोदावरी येथे एकसंध वाहत नाही. उन्हाळ्यात ती लहानमोठ्या जलाशयांची आणि डोहांची एक माळच होऊन जाते.

डोह म्हणजे नदीतील खोल पाण्याची जागा. नदी जेथे वळण घेते, तेथे बाहेरच्या काठाशी प्रवाहाचा जोर अधिक असतो. पुराचे पाणी तेथील तळ खणून काढते आणि खोल खळगा तयार होतो. आतल्या काठाशी प्रवाह मंद असतो, म्हणून तेथे वाळू साठते. पात्रातील खडकांच्या पायथ्याशीही असेच डोह तयार होतात. पावसाळ्यात डोह आणि उथळ पात्र यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही. सर्वत्र पाणीच पाणी असते. वसंतात मात्र उथळ भाग कोरडे पडू लागतात आणि डोह तेवढे भरलेले राहतात. मग नदीभर पांगलेले मासे हळूहळू या डोहांकडे सरकू लागतात. एखाद्या गावाला पूर आल्यावर सर्व लोकांनी उंचावरील देवळात आश्रय घ्यावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की माणसे पाणी वाढले म्हणून उंचावर जातात आणि मासे पाणी घटले म्हणून खोलात जातात.

पाणी घटते त्याबरोबर ते तापूही लागते. थंडीच्या दिवसांत मासे खोल पाण्यात मंदपणे पडून राहतात. त्यांना भूकही कमी लागते. वसंतात पाण्याला ऊब आली की ते चपळ होतात आणि खाद्याच्या शोधात काठालगत येऊ लागतात. म्हणून हिवाळ्यानंतरचे हे दिवस मच्छीमाराला हात देणारे असतात. परंतु ऊब वाढत गेली की एक नवे संकट उभे राहते. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात आणि पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअस उष्णतेला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले की त्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. काचेच्या पेल्यात थंड पाणी भरून तो काही वेळ उन्हात ठेवला, तर पेल्याच्या आतल्या बाजूस बारीक बुडबुडे जमलेले दिसतात. पाणी तापल्यामुळे त्यात विरघळलेली हवा बाहेर पडू लागते, तेच हे बुडबुडे होत. पेल्यात जे घडते, तेच उन्हाळ्यातील डोहात मोठ्या प्रमाणावर घडते.

डोहातील शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. पण रात्री त्याही श्वसनासाठी प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटेच्या वेळी डोहात प्राणवायू सर्वांत कमी असतो. चैत्र-वैशाखात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडी टाकताना दिसतात. ते खेळत आहेत असे पाहणाऱ्याला वाटते. जाणता मच्छीमार मात्र ओळखतो, की डोह गुदमरू लागला आहे.

पाण्याची ही लक्षणे वाचणे ही एक विद्याच आहे. पाण्याला गर्द हिरवी छटा आली म्हणजे शेवाळ वाढले. वारा सुटून पृष्ठभागावर लाटा उठल्या म्हणजे पाण्यात हवा मिसळून माशांना तरतरी येणार. पाणी आरशासारखे स्वच्छ झाले म्हणजे माशाला जाळे दिसणार, म्हणून ते दिवस मावळता मावळता टाकावे आणि पहाटे उचलावे. दुपारी ऊन तापले की मासे तळाशी जातात. सकाळ-संध्याकाळ ते काठाजवळच्या उथळ पाण्यात चरावयास येतात. कोणता मासा कोठे राहतो, हेही ठाऊक असावे लागते. कटला पाण्याच्या वरच्या थरात वावरतो आणि तेथील सूक्ष्म जीवांवर जगतो. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळ तळाशी, गाळात खाद्य शोधतो. वाम हा लांबट मासा दगडांच्या सांदीत दडून बसतो. वरच्या पाण्यात टाकलेले जाळे तळाच्या माशाला पोहोचत नाही आणि तळाला टाकलेले वरच्या माशाला अडवीत नाही.

या सर्वांत मरळ हा मोठा चिवट मासा आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांजवळ हवा साठविण्याची एक विशेष पोकळी असते. त्यामुळे तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो आणि इतर मासे जेथे तडफडून मरतील, अशा चिखलमिश्रित डबक्यातही काही काळ तग धरतो. मरळ नर-मादी आपल्या पिल्लांची राखणही करतात. पिल्लांचा थवा पृष्ठभागाशी फिरत असतो आणि मोठा मासा त्याच्या खालून पहारा देत असतो. पाखराप्रमाणे पिल्लांना जपणारा मासा पाहून मनुष्यालाही कौतुक वाटावे.

रोहू-कटल्यांची गोष्ट वेगळी आहे. ते पिल्लांची राखण करीत नाहीत; अंडी मात्र विपुल घालतात. चांगल्या वाढलेल्या मादीच्या पोटात काही लाख अंडी असतात. ही अंडी एका दिवसात तयार होत नाहीत. थंडी ओसरून पाणी उबदार होऊ लागले की, म्हणजे नेमकी वसंत ऋतूतच, मादीच्या पोटात त्यांची वाढ सुरू होते. ज्येष्ठ येईपर्यंत ती परिपक्व होतात. मग मृगाचा पाऊस पडतो, नदीला गढूळ पाण्याचा लोंढा येतो, काठचा उथळ भाग पाण्याखाली जातो आणि मासे तेथे जाऊन अंडी घालतात. अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्यास एक दिवससुद्धा लागत नाही. वाहत्या पुराची चाहूल लागल्यावाचून हे मासे प्रजनन करीत नाहीत, हा निसर्गाचा नियमच होय.

या नियमामुळे मत्स्यशेती करणाऱ्यांची दीर्घ काळ अडचण होत असे. तळ्यातील साठलेल्या पाण्यात रोहू-कटला वाढत. पण तेथे ते अंडी घालीत नसत. त्यामुळे तळ्यात सोडावयाची पिल्ले नद्यांतून गोळा करून आणावी लागत. ओरिसातील कटक येथील संशोधन केंद्रात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. माशाच्या मेंदूखालील एका लहान ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशाला सुईने टोचला असता साठलेल्या पाण्यातही तो अंडी घालू लागतो, हे त्यांनी १० जुलै १९५७ रोजी यशस्वीपणे दाखवून दिले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ भारतात दरवर्षी १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. आज धरणांत आणि तळ्यांत सोडले जाणारे मत्स्यबीज बहुतांशी अशा प्रेरित प्रजननातूनच तयार होते. परंतु नदीत वाम आहे, मरळ आहे, शिंगाडा आहे, लहानसहान अनेक जातींचे मासे आहेत. त्या सर्वांचे बीज काही प्रयोगशाळेत तयार होत नाही. त्यांचे बियाणे नदीनेच राखावयाचे असते, आणि नदी ते राखते आपल्या डोहांत.

येथेच मच्छीमाराची खरी कसोटी लागते. वसंतात पाणी कमी आणि मासे एका जागी गोळा झालेले. जाळे टाकावे आणि भरून काढावे, अशी स्थिती असते. पावसाळ्यात दिवसभर राबूनही जे मिळत नाही, ते आता एका सकाळी मिळते. बारीक आसाचे जाळे टाकून आठ दिवस सतत मासेमारी केली, तर लहानसा डोह निःशेष रिकामा करता येतो. शिवाय पुढे अंडी घालणाऱ्या माद्या याच वेळी अंगाने भरलेल्या असतात आणि बाजारात मोठ्या माशाला भाव चांगला येतो. घरात धान्य संपत आलेले, जाळ्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर, पोरांच्या शाळेचा खर्च समोर. अशा वेळी समोरचा मासा सोडून द्यावा, असे कोणाला सांगणे सोपे आहे, करणे सोपे नाही.

आता थोडा हिशेब करून पाहू. समजा, एका मादीच्या पोटात दोन लाख अंडी आहेत. त्यांतील बहुतेक नष्ट होतात. काही प्रवाहात वाहून जातात, काही इतर जलचर खातात, पिल्लांतील कित्येक बगळ्यांच्या आणि खंड्यांच्या चोचीत जातात. तरी हजारांतून एक जरी पिल्लू वाढून मोठे झाले, तर त्या एका मादीपासून दोनशे मासे होतील. चैत्रात ती मादी विकली तर एका माशाचे पैसे मिळतील. ज्येष्ठापर्यंत ती जगली तर पुढील काळात दोनशे मासे नदीला मिळतील. डोह अगदी रिकामा करणाराला आजचा मासा मिळतो; परंतु पावसाळ्यात नदी भरून आल्यावर तिच्यात सोडावयास बियाणेच उरत नाही.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पेरणीसाठी राखून ठेवलेली ज्वारी कितीही अडचण आली तरी दळावयाची नाही, हे घरातल्या लहान मुलालासुद्धा ठाऊक असते. १९७२ च्या भीषण दुष्काळात लोकांनी खडी फोडून पोट भरले. २०१२ साली पाऊस अपुरा पडला आणि २०१३ चा उन्हाळा जालना जिल्ह्याला अत्यंत कठीण गेला. गावोगावी टँकरने पाणी पुरवावे लागले आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अशा प्रत्येक संकटानंतर जो शेतकरी पुन्हा उभा राहिला, तो हाती उरलेल्या बियाण्याच्या आधारावरच. वसंतातील डोह हे नदीचे बियाण्याचे कोठार आहे. कोठारातले धान्य खावे. बियाण्याची कणगी मात्र राखावी.

ही कणगी राखण्याचे मार्ग कठीण नाहीत. जाळ्याचा आस मोठा ठेवला म्हणजे लहान मासे त्यातून निसटून जातात. पोट फुगलेली मादी जाळ्यात जिवंत सापडली तर तिला पुन्हा पाण्यात सोडता येते. गावच्या हद्दीत दोन डोह असतील तर एकात मासेमारी करावी आणि दुसरा पाऊस पडेपर्यंत राखून ठेवावा, असे सर्वांनी मिळून ठरविता येते. हे एकट्यादुकट्याने होण्यासारखे नाही. कारण एकाने सोडलेला मासा दुसऱ्याने पकडला, तर पहिल्याच्या त्यागाला अर्थ उरत नाही. म्हणूनच मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना महत्त्व आहे. समुद्रावरील मच्छीमारांनाही हा नियम लागू आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आरंभी काही आठवडे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात.

डोह राखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. पालघर जिल्ह्यात वैतरणा नदीवर तिळसे येथे शिवमंदिराजवळ असाच डोह आहे. या दोन्ही ठिकाणी मोठमोठे मासे निर्भयपणे पोहताना दिसतात. कारण ते देवाचे मासे मानून त्यांना कोणी धरीत नाही. श्रद्धेने जे साधले, ते समजुतीनेही साधता येईल.

याउलट काही माणसे पाण्यात विषारी द्रव्य टाकतात, सुरुंग उडवितात किंवा विजेचा धक्का देऊन मासे मारतात. विष आणि सुरुंग यांचा असा वापर १८९७ च्या कायद्यानेच निषिद्ध ठरविला होता. विषाने मोठा मासा मरतो, पिल्लू मरते आणि ते पाणी पिणाऱ्या गुराढोरांच्या जिवालाही धोका पोहोचतो. ही मासेमारी नव्हे. हा नदीचा घात होय.

मात्र नदी राखण्याचे सगळे ओझे मच्छीमाराच्याच शिरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पात्रातील वाळू बेसुमार उपसली तर काठ ढासळतात आणि माशांच्या आश्रयाच्या जागा नष्ट होतात. गावाचे व कारखान्यांचे सांडपाणी नदीत सोडले तर ते कुजताना पाण्यातील उरलासुरला प्राणवायू संपवून टाकते. बंधाऱ्यातले पाणी तळापर्यंत उपसले तर डोहच उरत नाही. चैत्रातल्या एका डोहावर शेतकऱ्याचा ऊस, गावाचे पिण्याचे पाणी, गुरांची तहान, मच्छीमाराची भाकरी आणि माशांचे प्राण हे सर्वच अवलंबून असतात. ज्याचा त्याने आपलाच वाटा पाहिला, तर कोणाचाच वाटा उरत नाही.

वैशाख संपतो. आभाळ भरून येते. मृगाच्या पहिल्या सरी वाळूवर पडतात आणि काही दिवसांनी नदीला नवे, गढूळ पाणी येते. बंधाऱ्यांचे दरवाजे उघडतात आणि वेगवेगळे झालेले डोह पुन्हा एका प्रवाहात मिळून जातात. ज्या डोहात उन्हाळाभर मासे राखले गेले, तेथून ते उथळ काठांकडे धाव घेतात. त्या वेळी काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला लाल पाण्याखाली काही दिसत नाही. परंतु चैत्रात ज्याने जाळे आवरले, त्याला त्या पाण्याखाली काय चालले आहे हे न पाहताही ठाऊक असते.

स्वाध्याय

१. गोदावरीच्या पात्रात डोह कसे तयार होतात, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागाशी का येतात?
३. कारणे द्या : (अ) स्वच्छ पाण्यात जाळे संध्याकाळी टाकतात. (आ) मरळ मासा डबक्यातही जगू शकतो. (इ) एकट्या मच्छीमाराने डोह राखून उपयोग होत नाही.
४. ‘वसंतातील डोह हे नदीचे बियाण्याचे कोठार आहे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : दुथडी भरून वाहणे, अंग चोरणे, तग धरणे, पाठपुरावा करणे.
६. तुमच्या गावाजवळील नदी, ओढा किंवा तळे यांचे पावसाळ्यात आणि चैत्रात निरीक्षण करा व दिसलेले फरक दहा-बारा ओळींत लिहा.